पात्राच्या मनात शिरताना : तृतीयपुरुषी निवेदनात दृष्टिकोन कसा सांभाळावा

कथेच्या पहिल्या खर्ड्यात घटना नीट उतरलेली असते, संवादही जमलेले असतात, तरीही वाचणाऱ्याला पात्र परके वाटत राहते. ‘तिला फार वाईट वाटले’, ‘त्याच्या मनात कालवाकालव झाली’ अशी वाक्ये पानोपानी येतात, आणि मन मात्र दिसत नाही. याचे कारण बहुधा दृष्टिकोनाच्या ढिसाळपणात सापडते. आपण हे कोणाच्या नजरेतून पाहत आहोत, हे लेखकाने सुरुवातीला एकदा ठरवलेले असते, पण वाक्यावाक्याला पाळलेले नसते. दृष्टिकोन म्हणजे ‘मी’ की ‘तो’ एवढीच निवड, असा समज त्यामागे असतो. वास्तविक दृष्टिकोन ठरतो तो पात्राला काय दिसते, ते त्याला काय म्हणते आणि कशाकडे पाहायचे टाळते यावरून, आणि पात्राचे मानसशास्त्रही त्याच ठिकाणी घडते.

या लेखात मी तृतीयपुरुषी निवेदनापुरतेच आणि एका पात्राच्या मनापुरतेच बोलणार आहे, कारण नव्या लेखकाची सर्वांत जास्त गफलत तिथेच होते. सगळ्या पायऱ्यांसाठी एकच प्रसंग घेऊ. अठ्ठावन्न वर्षांची शालन दुय्यम निबंधक कार्यालयात बसली आहे. वडील गेल्यानंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून भावाबरोबर तिचेही नाव लागले आणि आता भावाच्या सांगण्यावरून ती हक्कसोडपत्रावर सही करायला आली आहे. सोबत भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि दोन साक्षीदार आहेत. तिचा नवरा आलेला नाही.

पहिली पायरी : सांगणारा आणि पाहणारा वेगळे करा

फ्रेंच अभ्यासक जेरार झेनेत यांनी १९७२ साली मांडलेला एक भेद आजही सर्वांत उपयोगी आहे. कथा कोण सांगतो आणि कथेत कोण पाहतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे नेहमी एकच असतात असे नाही. प्रथमपुरुषी निवेदनातसुद्धा ही फारकत असते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यात यमुना स्वतःची कहाणी स्वतः सांगते. पण सांगणारी यमुना सगळे भोगून झालेली आहे आणि पाहणारी यमुना पुष्कळ ठिकाणी अजाण मुलगी आहे. मुलीला जे निरागसपणे दिसते त्याचा अर्थ मोठ्या यमुनेला ठाऊक असतो, आणि वाचकाचे काळीज हलते ते या दोघींमधल्या अंतरामुळे.

तृतीयपुरुषी कथेत सांगणारा निवेदक असतो आणि पाहणारे पात्र असते. लिहायला बसण्यापूर्वी दोन्ही उत्तरे कागदावर मांडावीत. आपल्या प्रसंगात सांगणारा हा एक अनाम निवेदक आहे आणि पाहते ती फक्त शालन. दादा काय विचार करतो हे तिला जितके कळेल तितकेच वाचकाला कळेल. ही मर्यादा अडचणीची वाटते, पण कथेतला ताण बहुतेक वेळा याच मर्यादेतून येतो.

दुसरी पायरी : पात्राच्या माहितीचे चार कप्पे

पात्राचे चरित्र लिहून काढावे, त्याचा आवडता रंग, शाळा, बालपणीची भीती यांची टिपणे करावीत, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मला त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. त्यापेक्षा त्या विशिष्ट प्रसंगापुरते पात्राच्या माहितीचे चार कप्पे करावेत.

शालनला काय माहीत आहे? जमीन कोरडवाहू आहे, कायद्याने मुलीलाही वाटा आहे, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात चार महिने उशाशी आपणच होतो. तिला काय चुकीचे माहीत आहे? आईच्या पाटल्या वहिनींनी ठेवून घेतल्या, असे ती धरून चालली आहे. प्रत्यक्षात त्या आईच्याच औषधपाण्यासाठी मोडल्या होत्या. तिला काय माहीत नाही? जमिनीलगतच्या रस्त्याची मोजणी होऊन गेली आहे. चौथा कप्पा सर्वांत मोलाचा आहे, तो म्हणजे तिला माहीत असूनही ती ज्याकडे पाहत नाही ते. दादा शेवटच्या क्षणी ‘राहू दे शालू, नको करूस सही’ असे म्हणेल, अशी तिची आशा आहे. तिला जमीन नको आहे. तिला नको म्हणायची संधी हवी आहे.

पहिल्या तीन कप्प्यांतून कथानक मिळते आणि चौथ्यातून मन मिळते. म्हणून चौथ्या कप्प्यातली गोष्ट निवेदनात कधीही थेट लिहू नये. ती फक्त पात्राच्या वागण्यातल्या लहानशा अडखळण्यातून वर यावी. शालन दुसऱ्या पानावर सही करताना थांबते आणि उगाच पेनाचे टोपण लावून परत काढते. तिथे ती दादाला बोलायला वेळ देत असते. हे वाचकाला कळावे, शालनला कळू नये.

तिसरी पायरी : नावे, नाती आणि आदरार्थी रूपे

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती असलेले हे सर्वांत बारीक हत्यार आहे, आणि इंग्रजीतल्या लेखनशिक्षणाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडेल. आपल्या भाषेत कोणाचाही उल्लेख करायचा म्हटला की नाते आणि मान दोन्ही ठरवावे लागतात. वहिनींचे नाव वसुधा आहे असे धरू. ‘वसुधाने रुमाल काढला’, ‘वहिनीने रुमाल काढला’ आणि ‘वहिनींनी रुमाल काढला’ या तीन वाक्यांत क्रिया एकच आहे, पण पाहणारे तीन आहेत. पहिले वाक्य तटस्थ निवेदकाचे आहे. दुसऱ्यात नाते आले, पण मान सुटला. तिसरे वाक्य वाचताच आपण शालनच्या शेजारी, तिच्या वयाच्या आणि संस्कारांच्या बाजूने बसतो.

म्हणून शालनच्या प्रसंगात निवेदनसुद्धा ‘वहिनी म्हणाल्या’ असेच चालले पाहिजे. तिच्या नवऱ्याचा उल्लेख नावाने न येता ‘ह्यांनी सांगितलं होतं’ असा आला, तर ‘शालनला आठवले की’ असे लिहिण्याची गरजच उरत नाही, कारण शालनच्या नवऱ्याला ‘हे’ म्हणणारी त्या खोलीत तीच एक आहे. उलट कथेभर वहिनींना अहो-जाहो चालू असताना एका वाक्यात ‘ती कशाला बोलेल?’ असे आले, तर त्या एका सर्वनामाने राग दाखवला जातो आणि ‘राग’ हा शब्द लिहावा लागत नाही. दादाच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडते. ‘दादा आला’ हे रोजचे आहे, पण ‘दादासाहेब आले’ म्हटले की मान वाढतो आणि माया आटते. संवादातही हे काटेकोर असावे. वहिनी शालनला ‘वन्सं’ म्हणतील, दादा ‘शालू’ म्हणेल आणि कारकून ‘मावशी’ म्हणेल. या तीन हाकांत शालनच्या तीन जागा आहेत.

मात्र अशी घसरण प्रसंगात एकदाच करावी. मान वारंवार खालीवर झाला की वाचक ती लेखकाची चूक समजतो आणि पात्राचे मन म्हणून वाचत नाही.

चौथी पायरी : मन दाखवण्याच्या रीती निवडा

डॉरिट कोन या अभ्यासिकेने १९७८ साली कथेतले मन दाखवण्याच्या तीन मुख्य रीती सांगितल्या. त्या मी इथे मराठीच्या सोयीने मांडतो. त्याआधी तुलनेसाठी, मन अजिबात न दाखवता तोच क्षण कसा येतो ते पाहू :

‘शालनने कागद पुढे ओढला. पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्या पानावर पेन थांबले. वहिनींनी पर्समधून रुमाल काढून घाम टिपला. शालनने पेनाला टोपण लावले, परत काढले आणि सही केली.’

पहिली रीत म्हणजे निवेदकाने आपल्या शब्दांत मनाचे वर्णन करणे. ‘आईच्या आजारपणात केलेल्या चाकरीची कोणी आठवणही काढत नाही, याचा राग शालनच्या मनात कित्येक वर्षे साचला होता, पण तो राग आहे हे तिने स्वतःशीही कबूल केले नव्हते.’ पात्राला स्वतःला न उमगलेले या रीतीनेच सांगता येते आणि अनेक वर्षांचा काळ एका वाक्यात मावतो. पण वाचक लांब उभा राहतो. कथेच्या सुरुवातीला आणि दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत ही रीत शोभते.

दुसरी रीत अवतरणातल्या स्वगताची. ‘ “मी आता नाही म्हटलं, तर दिवाळीला मला कोण बोलावणार?” शालनच्या मनात आले.’ ही ठसठशीत असते आणि तिच्यात गोंधळ होत नाही. पण माणसे मनात इतक्या पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्यांत क्वचितच बोलतात, म्हणून अख्ख्या कथेत ती दोन-तीनदा पुरे.

तिसऱ्या रीतीत निवेदन तृतीयपुरुषीच राहते, ‘तिला वाटले’ असे कुठे म्हटलेले नसते, तरी वाक्यांना पात्राचा सूर लागलेला असतो. फ्रेंच लेखनात आढळणाऱ्या या शैलीला शार्ल बाली या भाषाशास्त्रज्ञाने १९१२ साली जे नाव दिले, त्यावरून आपल्याकडे तिला मुक्त अप्रत्यक्ष शैली म्हणता येईल. तोच क्षण या शैलीत असा येईल :

‘शालनने पहिल्या पानावर सही केली. नाही म्हटलं तर दिवाळीला बोलावणार कोण? आणि जमीन घेऊन आपण करणार काय, ह्यांना तर ज्वारी कुठली नि बाजरी कुठली तेही ओळखता येत नाही. वहिनींनी आज नवी पर्स आणली होती. चांगली होती पर्स. आईच्या औषधांची बिलं भरायची वेळ आली, तेव्हा मात्र हातात पैसे नव्हते म्हणे.’

इथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण ही शैली मराठीत नेमकी कशाने साधते हे समजल्याशिवाय ती हाती येत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये कोणाचे बोलणे अप्रत्यक्ष केले की काळ मागे सरकतो, त्यामुळे त्या भाषांत ही शैली ओळखण्याची मोठी खूण म्हणजे काळ आणि सर्वनाम. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे अगदी सरळ वाक्य आहे. काळही हलत नाही आणि ‘मी’सुद्धा जागचा हलत नाही. म्हणजे त्या भाषांतली खूण आपल्याकडे जवळपास निकामी आहे, आणि तिच्या जागी दुसऱ्या चार खुणा आहेत.

पहिली आहे ‘आपण’. ‘शालनला वाटले, ती चुकली’ या वाक्यात चुकणारी दुसरीच कोणी असावी असे वाटते, तर ‘शालनला वाटले, आपण चुकलो’ यात चुकणारी शालनच आहे. वरच्या उताऱ्यातून ‘आपण करणार काय’ काढून ‘ती करणार काय’ लिहून पाहावे, म्हणजे सगळा उतारा कसा बाहेर फेकला जातो ते दिसेल. दुसरी खूण म्हणजे छोटी अव्यये : ‘म्हणे’, ‘तर’, ‘मात्र’, ‘बरं’, ‘ना’, आणि शब्दाला चिकटणारा ‘च’. वरच्या शेवटच्या वाक्यातला ‘म्हणे’ काढला तर पैसे नव्हते ही वस्तुस्थिती उरते. तो ठेवला की शालनचा अविश्वास येतो, आणि पाटल्यांविषयीचा तिचा चुकीचा समजही त्याच्या आड उभा राहतो. तिसरी खूण म्हणजे ‘आज’, ‘उद्या’, ‘इथे’, ‘हा’ असे शब्द, जे पात्राच्या जागेवरून बोलतात. ‘त्या दिवशी नवी पर्स आणली होती’ असे निवेदक म्हणेल, ‘आज आणली होती’ असे शालनच म्हणेल.

चौथी खूण लेखनाच्या वळणाची आहे. निवेदन ‘केले, म्हटले, बिले’ अशा ग्रांथिक रूपांत चालू असताना मन ‘केलं, म्हटलं, बिलं’ अशा बोलीच्या रूपांवर उतरले, की वाचकाला कसलीही सूचना न देता दार उघडते. ज्यांचे सगळे निवेदनच बोलीच्या वळणाचे असते त्यांना ही सोय मिळत नाही. त्यांनी पहिल्या तीन खुणांवर जास्त भिस्त ठेवावी.

या शैलीत एक धोकाही आहे आणि तो न्यायालयापर्यंत पोचलेला आहे. १८५७ साली फ्रान्समध्ये गुस्ताव्ह फ्लोबेर यांच्यावर ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीवरून नीतिभ्रष्टतेचा खटला झाला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार याने नायिकेच्या मनातली धुंदी रंगवणारे उतारे वाचून दाखवले आणि हा व्यभिचाराचा गौरव आहे असा आरोप केला. फ्लोबेर निर्दोष सुटले. पुढे समीक्षकांनी दाखवून दिले की वकिलाने जी मते लेखकाची म्हणून धरली, ती त्या वाक्यांत नायिकेची होती, आणि ‘तिला वाटले’ ही पाटी लेखकाने मुद्दामच लावली नव्हती. जातीविषयी, बाईविषयी, धर्माविषयी पूर्वग्रह असलेल्या पात्राच्या नजरेतून लिहिताना हा धोका आजही तसाच आहे. त्यावर पाटी लावणे हा उपाय मला पसंत नाही. पूर्वग्रहाचे वाक्य जिथे येते, त्याच्या जवळच प्रत्यक्ष घटनेतला एखादा तपशील त्या वाक्याच्या विरुद्ध उभा करावा, म्हणजे नजर कोणाची आहे आणि ती कुठे चुकते, हे वाचक स्वतः ताडतो. वहिनींविषयीच्या ‘पैसे नव्हते म्हणे’ या वाक्यानंतर त्यांच्या हातात काचेच्या दोनच बांगड्या आहेत, हे शालनला दिसावे आणि तिने त्याचा काहीच अर्थ लावू नये.

पाचवी पायरी : दुसऱ्याचे मन बाहेरूनच वाचा

‘शालनचे डोळे भरून आले. तिला रडताना पाहून दादाला अपराधी वाटले.’ दोनच वाक्यांत नजर बदलली. असे बदल वाचकाला जाणवतात, भले तो त्यांना नाव देऊ शकत नसेल. दादाचे मन दाखवायचे असेल तर ते शालनला दिसेल अशा गोष्टींतून दाखवावे : ‘दादाने घड्याळाकडे पाहिले, मग कारकुनाकडे. “पाणी आणा रे कुणीतरी,” तो म्हणाला. पाणी आणायला तिथे कोणीच नव्हते.’ दादा अपराधी आहे, घाईत आहे की नुसता ओशाळला आहे, हे शालनला नक्की कळत नाही, आणि ती त्याचा जो अर्थ लावेल त्यातून दादापेक्षा तीच अधिक उघडी पडेल. ‘दादाला बहुतेक गाडी गाठायची होती’ असे तिने ठरवले, तर वाचकाला दिसते की अपराधी वाटण्याची शक्यता तिने स्वतःहून पुसली.

एकाहून अधिक पात्रांच्या नजरा हव्याच असतील तर त्यांना स्वतंत्र प्रकरणे द्यावीत. शिवाजी सावंत यांच्या १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांनाही आपापले निवेदन मिळाले आहे, आणि प्रत्येक जण कर्णाची वेगळी बाजू पाहतो. छोट्या कथेत मात्र दुसरी नजर आणताना एकच कसोटी लावावी. या दुसऱ्या माणसाच्या माहितीने पहिल्याच्या एखाद्या वाक्याचा अर्थ उलटतो का? वहिनींच्या नजरेतून पाटल्यांचा हिशेब कळणार असेल, तर त्यांचे प्रकरण लिहावे. शालन बिचारी किती रडली एवढेच त्यांना सांगायचे असेल, तर ते प्रकरण गाळावे.

सहावी पायरी : ‘मी’ घालून वाचा

पुनर्लेखनासाठी फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६६ साली सुचवलेली एक चाचणी अतिशय कामाची आहे. तृतीयपुरुषी उतारा घ्यावा, पात्राच्या नावाच्या जागी ‘मी’ घालावा आणि मोठ्याने वाचावा. सर्वनामाखेरीज काहीही न बदलता उतारा चालला, तर दृष्टिकोन खरोखर त्या पात्राचा आहे.

‘शालनने पेनाला टोपण लावले’ हे ‘मी पेनाला टोपण लावले’ असे सहज होते. ‘शालनचा चेहरा पांढरा पडला’ हे ‘माझा चेहरा पांढरा पडला’ असे केले की अडखळते, कारण समोर आरसा नसताना तिला ते दिसणार कसे? त्याऐवजी तिला जे जाणवेल ते लिहावे : तळहात गार पडणे, अंगठ्याच्या ठशासाठी यंत्रावर ठेवलेले बोट घसरणे, कारकुनाने ‘मावशी, जरा दाबून’ म्हणणे. या चाचणीत मराठी क्रियापदांचे रूप बदलावे लागते, त्याकडे लक्ष देऊ नये. अर्थ अडखळतो का, एवढेच पाहावे.

काही वाक्यांत काही बदलावेच लागत नाही आणि तरीही ती नापास होतात. ‘दादाला अपराधी वाटले’ या वाक्यात ‘मी’ नाहीच, म्हणून ते सुटून जाते. अशा प्रत्येक वाक्यापाशी ‘हे शालनला कसे कळले?’ असा प्रश्न समासात लिहून ठेवावा आणि उत्तर नसेल तर वाक्य काढावे.

उरतात ती निवेदकाची स्वतःची वाक्ये, उदाहरणार्थ, ‘तो राग आहे हे तिने स्वतःशीही कबूल केले नव्हते.’ ‘मी’ घातल्यावर हे वाक्य सहीच्या क्षणी उभे राहत नाही. ते फार तर कित्येक वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या शालनचे होऊ शकते. म्हणून ते चुकीचेच ठरते असे नाही. निवेदक पहिल्या परिच्छेदापासून शालनपेक्षा थोडे अधिक जाणणारा असेल, तर ते त्याच्या तोंडी शोभते आणि ठेवावे. पण सात पाने फक्त शालनला दिसेल तेवढेच सांगणारा निवेदक आठव्या पानावर अचानक असे सांगू लागला, तर ते वाक्य खोडावे आणि पेनाच्या टोपणाजवळची जागा पुन्हा लिहून काढावी.